८४ गुण, तरी नापास

दहावीला ८४ टक्के म्हणजे एकेकाळी गल्लीभर पेढे. आता तेवढ्यावर घरात थोडी चुळबुळ होते, ‘बाकीचे सोळा कुठे गेले?’ असेही एखादे काका विचारतात. पण म्हणून त्या मुलाला नापास कोणी ठरवत नाही. व्हिडिओ गेमच्या धंद्यात मात्र हे घडलेले आहे. २०१० सालच्या ऑक्टोबरात ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’ नावाचा खेळ बाजारात आला. अणुयुद्धानंतरच्या उजाड अमेरिकेत, नेवाडाच्या वाळवंटात घडणारी ती लांबलचक कथा. ती रचली ऑब्सिडियन या कॅलिफोर्नियातल्या मंडळींनी; प्रकाशक कंपनी वेगळी होती. पुढे २०१२ साली ऑब्सिडियनचे एक प्रमुख लेखक ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी जाहीरपणे सांगून टाकले की, प्रकाशकाकडून मिळायच्या बोनसला एक अट होती : मेटाक्रिटिक या वेबसाइटवर खेळाला ८५ गुण पडले पाहिजेत. पडले ८४. बोनस गेला. त्याच महिन्यात ऑब्सिडियनमधल्या काही जणांच्या हाती नारळ पडला होता. त्याचे कारण निराळे होते, पण एका गुणाची किंमत काय असते हे तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांत भरले.

व्हिडिओ गेम हा पोरांचा वेळ घालवायचा उद्योग, त्याची कसली आली आहे समीक्षा, असे म्हणणारे वाचक असतील. त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. फक्त हिशेब मांडतो. कन्सोलवरचा नवा मोठा खेळ आज आपल्याकडे पाच हजारांच्या आसपास पडतो. सिनेमा आवडला नाही तर अडीच तासांत सुटका होते. इथे एकेक खेळ शंभर शंभर तास खातो. आणि हा खर्च करायचा की नाही हे बहुतेक घरांत ठरते कसे? मुलगा किंवा मुलगी मोबाइल पुढे करते, ‘बाबा, ९४ आहेत!’ म्हणते. ९४ म्हटल्यावर बाबांना काय बोलायचे सुचत नाही. ते पैसे देतात. हे ९४ कोणी दिले, कशाबद्दल दिले, कोणत्या यंत्रावर खेळून दिले, हे कोणी विचारत नाही.

म्हणून आधी हा आकडा शिजतो कसा ते पाहू. मेटाक्रिटिक सुरू झाले २००१ साली. निरनिराळ्या नियतकालिकांतली परीक्षणे गोळा करायची, प्रत्येकाचे गुण शंभरात बदलायचे आणि त्यांची सरासरी काढायची, एवढाच उद्योग. पण सरासरी साधी नाही. कोणाच्या मताला जास्त वजन, कोणाच्या मताला कमी. आणि कोणाला किती, हे बाहेर सांगितले जात नाही. एखाद्या परीक्षकाने साडेतीन तारे दिले, म्हणजे त्याच्या मनात असते की ‘जरूर खेळा, चार दोष आहेत ते सोसा.’ सरासरीच्या चरकात त्याचे ७० होतात. त्यातही गंमत अशी की, त्याच वेबसाइटवर चित्रपटाला ६१ गुण मिळाले की हिरवा रंग लागतो. खेळाला हिरवा होण्यासाठी ७५ लागतात. म्हणजे खेळांच्या जगात गुण मुळातच सढळ हाताने दिले जातात हे त्या वेबसाइटलाच मान्य आहे. आपल्याकडे ‘डिस्टिंक्शन’ला पूर्वी जो भाव होता तो का उतरला, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

हा सढळपणा आला कुठून? माझ्या मते जन्मापासून. ब्रिटनमध्ये १९८१ च्या नोव्हेंबरात ‘कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स’ हे मासिक निघाले, मागोमाग बरीच निघाली. त्या काळात खेळाचे परीक्षण फ्रीज-मिक्सरसारखे होई. चित्रे किती चांगली, आवाज कसा, पैसे वसूल होतात का, असे वेगवेगळे रकाने आणि खाली बेरीज. यंत्राची चाचणी घ्यावी तशी. जपानमध्ये १९८६ साली सुरू झालेल्या ‘फामित्सू’ने वेगळा घाट घातला : चार परीक्षक, प्रत्येकाचे दहा, एकूण चाळीस. चाळीसपैकी चाळीस मिळवणारा पहिला खेळ निघायला १९९८ साल उजाडावे लागले. तो होता निन्टेन्डोचा ‘झेल्डा : ऑकारिना ऑफ टाइम’. मेटाक्रिटिकवरही त्याच्या नावापुढे ९९ आहेत. ब्रिटनच्या ‘एज’ मासिकाचा हात तर फारच आखडता. १९९३ साली ते निघाले आणि पहिले दहापैकी दहा दिले १९९६ मध्ये, ‘सुपर मारिओ ६४’ला. तिथे सात म्हणजे खरोखरच चांगला खेळ. इतरत्र सात म्हणजे सांत्वन.

आपल्याकडे त्या दिवसांत यातले काहीच नव्हते. निन्टेन्डोच्या नकला असलेली यंत्रे आणि ‘९९९९ खेळ एकात’ असे बेधडक छापलेल्या काडतुशी घरोघरी आल्या. त्या काडतुशीत खरे खेळ डझनभर, बाकी तेच ते वेगळ्या नावाने. पार्लरमध्ये नाण्यावर खेळायचे. परीक्षक म्हणजे शेजारचा मोठा मुलगा. ‘काँट्रा भारी आहे, तो टँकचा पण चांगलाय’ हे त्याचे परीक्षण, आणि त्यावर उलट प्रश्न विचारता येत असे. ही सोय पुढे गेली.

आकड्यात काय बुडते ते दोन अलीकडच्या खेळांवरून दाखवतो. ‘एल्डन रिंग’ (फेब्रुवारी २०२२) आणि ‘बॉल्डर्स गेट ३’ (ऑगस्ट २०२३). मेटाक्रिटिकवर दोघांनाही ९६. दोन्ही मी खेळलो आहे, आणि एकाच घरातल्या दोन माणसांना हे दोन खेळ आवडतीलच असे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

‘एल्डन रिंग’ हा जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरचा. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. त्या जगाचे पुराण रचायला इंग्रजी कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची मदत घेतलेली. गुहेतून बाहेर पडलात की समोर हिरवेगार पठार, आकाशात सोनेरी झाड, आणि वाटेवर सोन्याच्या चिलखतातला एक घोडेस्वार. नवा माणूस पराक्रमाच्या आवेशात त्याच्यावर धावून जातो आणि दोन फटक्यांत मरतो. खेळ काही सांगत नाही. अजून तुझी वेळ नाही, वळसा घालून जा, हे तुमचे तुम्हाला उमगायचे. सोपे-कठीण निवडायची सोय नाही. एकाच शत्रूपुढे संध्याकाळभर मरत राहायचे, प्रत्येक वेळी त्याच्या हालचालीतला एक बारकावा टिपायचा आणि कधीतरी रात्री अकराला तो पडला की घरच्यांना दचकवणारी आरोळी ठोकायची. हा आनंद मोठा आहे. मी त्याला कमी लेखत नाही. पण दिवसभर कार्यालयात बोलणी खाऊन आलेल्या माणसाला घरी आल्यावर पुन्हा मार खायचा असेलच असे नाही. परीक्षकांनी हे लिहिले होते. ९६ च्या आकड्याने ते झाकले गेले.

‘बॉल्डर्स गेट ३’ची जात निराळी. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओने रचलेला हा खेळ म्हणजे सारीपाट आणि कादंबरी यांचे लग्न आहे. वीस बाजूंचा फासा पडद्यावर घरंगळतो आणि तुमचे नशीब ठरते. पहारेकऱ्याला थाप मारायची आहे? टाका फासा. लढाई आली तरी ती आळीपाळीने. चहा संपवून पुढची चाल करा, कोणी घाई करत नाही. मंत्र घेतला तर गाई-गुरांशी, उंदीर-मांजरांशी बोलता येते, आणि त्यांची बोलणी माणसांपेक्षा रंगतदार आहेत. नवरा-बायकोने एकाच पडद्याचे दोन भाग करून खेळण्यासारखा आहे. मात्र त्यात प्रणयाचे उघडे प्रसंग आहेत, रक्तपातही आहे. युरोपातल्या वर्गवारीत तो १८ वर्षांवरच्यांसाठी आहे. आठवीतल्या मुलाने ‘याला ९६ आहेत’ म्हणून हट्ट धरला तर आकडा खराच असतो, पण ते उत्तर भलत्याच प्रश्नाचे असते.

परीक्षक कुठे बसून लिहितो यालाही महत्त्व आहे, आणि याचा विचार फार कमी होतो. ‘स्टारड्यू व्हॅली’ (२०१६) हा शेतीचा खेळ घ्या. एरिक बॅरोन या एका माणसाने चारेक वर्षे खपून चित्रे, संगीत, संवाद सगळे एकट्याने केले. शहरातली नोकरी सोडून आजोबांच्या पडीक शेतावर जायचे, दगड-धोंडे काढायचे, पार्सनिप नावाचे गाजराच्या कुळातले कंद लावायचे, गावातल्या लोकांशी गोडीगुलाबीने वागायचे. पाश्चात्त्य परीक्षकांनी त्याला जीव शांत करणारा म्हटले, आणि ते खरेच आहे. मला स्वतःला तो फार आवडतो. पण निफाडच्या किंवा बार्शीच्या माणसाला त्यात आणखी काही दिसेल. तिथे बी लावले की उगवते. कर्जाचा हप्ता नाही. आणि शेवटी रोजचा माल पेटीत टाकून झोपले की सकाळी ठरल्या भावाने पैसे जमा! भाव पडला म्हणून टोमॅटो रस्त्यावर ओतायची वेळ त्या खोऱ्यात कधी येत नाही. हा खेळाचा दोष नव्हे, तो स्वप्नरंजनच आहे. पण ते कोणाचे स्वप्न आहे, हे सांगणारे परीक्षण मला अजून वाचायला मिळायचे आहे.

याची उलट बाजू पुण्याच्या एका खेळात दिसली. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या चमूने २०२० च्या ऑगस्टमध्ये ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ आणला. २०१७ साली लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता, तरी ही मंडळी चिकटून राहिली. सर्कशीतली राजी नावाची मुलगी असुरांनी पळवलेल्या आपल्या भावाला, गोलूला, शोधायला निघते. दुर्गेचा त्रिशूळ तिच्या हाती येतो. राजस्थानी किल्ल्यांची आठवण देणारे महाल, भिंतींवरची पुराणचित्रे, आणि कथा पुढे सरकते ती छायाबाहुल्यांतून. त्या वर्षीच्या ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या उत्तम खेळासाठी त्याला नामांकन मिळाले. पारितोषिक नाही मिळाले, पण पुण्यातल्या एवढ्याशा चमूसाठी नामांकनही थोडे नव्हे.

परदेशी परीक्षकांचे म्हणणे साधारण असे : देखावे आणि वातावरण अप्रतिम, लढाई मात्र थोडी ढिसाळ, खेळ छोटा, आणि शेवट तुटल्यासारखा. मी हा खेळ संपवला आहे, आणि लढाईबद्दल ते बरोबर आहेत असेच माझे मत आहे; त्रिशूळ फिरवायला मजा येते, पण नेम कुठे बसला ते कळत नाही. ‘आपला’ म्हणून हे दडवण्यात अर्थ नाही. मराठी नाटकाला मराठी समीक्षकांनी कधी दयामाया दाखवली नाही, म्हणून तर नाटक सुधारत गेले. मात्र भिंतींवरच्या चित्रांसमोर राजी थांबते आणि कथा ऐकते, तिथे ते परीक्षक फक्त ‘नवे आणि सुंदर’ एवढेच म्हणू शकले. त्यांना ते नवे होते. लहानपणी कीर्तनात ऐकलेली गोष्ट पडद्यावर कशी सांगितली गेली, कुठे नेमकी सांगितली, कुठे पर्यटकाला दाखवावी तशी सांगितली, हे तपासायचे काम आपले होते. ते आपण केले नाही. त्यामुळे पुण्यात बनलेल्या खेळाची किंमत ठरली ती लंडन आणि न्यूयॉर्कच्या सरासरीने.

आता आकड्यावरच्या दबावाकडे वळू. खेळांची परीक्षणे जिथे छापून येतात तिथेच खेळांच्या जाहिराती येतात, हे या धंद्याचे जुने दुखणे. २००७ च्या नोव्हेंबरात गेमस्पॉट या वेबसाइटचे संपादक जेफ गर्स्टमन यांनी ‘केन अँड लिंच’ या मारधाडीच्या खेळाला दहापैकी सहा दिले. त्याच वेळी त्या वेबसाइटची पाने त्याच खेळाच्या जाहिरातींनी मढली होती. थोड्याच दिवसांत गर्स्टमन यांची नोकरी गेली. तेव्हा कोणी तोंड उघडले नाही. पण २०१२ साली त्यांनीच उघडपणे सांगितले की जाहिरातदाराच्या नाराजीचा त्यात भाग होता. दहापैकी सहा! आपल्याकडे सहा म्हणजे फर्स्ट क्लास.

दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे, आणि त्यात गिऱ्हाइकाचे थेट नुकसान झाले. वॉर्साच्या सीडी प्रोजेक्ट रेडने ‘सायबरपंक २०७७’ १० डिसेंबर २०२० रोजी आणला. कित्येक वर्षांची हवा होती. परीक्षकांना आधी प्रती दिल्या त्या फक्त ताकदवान संगणकावरच्या. आणि स्वतः टिपलेली दृश्ये दाखवायलाही सुरुवातीला मनाई, कंपनीने दिलेली तीच दाखवायची. गुण आले नव्वदच्या घरात. ते प्रामाणिकच होते. संगणकावर खेळ खरोखर भव्य होता. पण ज्यांनी तो २०१३ सालच्या पिढीच्या कन्सोलवर, म्हणजे प्लेस्टेशन ४ किंवा एक्सबॉक्स वनवर विकत घेतला, त्यांच्याकडे चित्र अडखळत होते, माणसे हवेत तरंगत होती, मध्येच सगळे बंद पडत होते. आठवड्याभरात सोनीने खेळ आपल्या दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत द्यायची तयारी दाखवली. तो परत आला २०२१ च्या जूनमध्ये. पुढे २०२३ पर्यंत दुरुस्त्या होत होत आज तो नव्या यंत्रांवर उत्तम चालतो. मी आता कोणालाही तो सुचवीन. पण जे पहिल्या दिवशी पैसे मोजून बसले होते त्यांना ‘नव्वद’ने फसवले, आणि तरीही त्यात एकही परीक्षक खोटे बोलला नव्हता. आकडा एका यंत्राचा होता, वाचला गेला सगळ्या यंत्रांसाठी.

मग समीक्षकांना बाजूला सारून लोकांनाच विचारावे, असे कोणी म्हणेल. संगणकावरच्या खेळांचे सर्वांत मोठे दुकान म्हणजे स्टीम. तिथे २०१३ पासून विकत घेणाऱ्याने एवढेच सांगायचे : शिफारस करतो की नाही? अंगठा वर किंवा अंगठा खाली. त्यातून ‘९७ टक्के’ असा आकडा येतो, आणि तो लोक हमखास चुकीचा वाचतात. ९७ टक्के म्हणजे खेळाला ९७ गुण नव्हेत. शंभरातल्या ९७ जणांना तो घेतल्याचा पस्तावा नाही, एवढेच. आधीच आवड असलेलेच तो घेतात, हेही त्यात धरा. वारीला निघालेल्यांना विठ्ठल आवडतो का विचारण्यासारखे आहे ते.

शिवाय लोक रागावले की आकड्यालाच शस्त्र करतात. ‘द लास्ट ऑफ अस’चा दुसरा भाग १९ जून २०२० रोजी आला. समीक्षकांचे गुण नव्वदच्या वर. लोकांचे गुण मात्र पहिल्याच दिवशी दहापैकी चारच्याही खाली कोसळले. हा खेळ संपवायला वीस-पंचवीस तास लागतात. हजारो मते काही तासांत पडली होती. कथा आधीच फुटली होती, एका पात्राच्या मरणाचा अनेकांना राग होता, आणि नायिकेवरून खवळलेलेही बरेच होते. त्यानंतर मेटाक्रिटिकने नियम केला की खेळ आल्यावर ३६ तास लोकांनी मत द्यायचे नाही. छत्तीस तासांत राग निवतो, असा त्यामागचा हिशेब असावा.

पण हेच शस्त्र कधी न्याय्य कामीही येते. ‘हेलडायव्हर्स २’ हा मित्रांनी मिळून खेळायचा युद्धखेळ २०२४ च्या फेब्रुवारीत आला आणि तुफान चालला. मे महिन्यात सोनीने फर्मान काढले की संगणकावर खेळणाऱ्यांनीही सोनीचे खाते काढलेच पाहिजे. अनेक देशांत ते खाते मिळतच नव्हते. म्हणजे पैसे देऊन घेतलेला खेळ बंद. चार दिवसांत दोन लाखांहून जास्त उलटे अंगठे पडले आणि ६ मे रोजी सोनीने फर्मान मागे घेतले. खेळ वाईट झाला नव्हता, काही बदलला नव्हता. तो मोर्चा होता. फक्त बाहेरून पाहणाऱ्याला त्या दिवशी एवढेच दिसले असते की हा खेळ भंगार आहे.

या सगळ्या गुणपत्रिकांना आपल्याच पोरांनी दिलेले उत्तर मला जास्त भावते. ‘क्रिकेट ०७’ हा ईए स्पोर्ट्सचा खेळ २००६ च्या नोव्हेंबरात आला. परीक्षकांनी त्याला जेमतेम म्हटले, आणि तसे ते चूक नव्हते : क्षेत्ररक्षक गोंधळलेले, चेंडू ठरावीक जागी पडला की हमखास चौकार. भारतीय संघाचा परवाना नव्हता म्हणून आपल्या खेळाडूंची नावेही वेडीवाकडी. पण जुन्यातल्या जुन्या संगणकावर तो चालायचा, समालोचनाला रिची बेनॉ होते, आणि ईएने क्रिकेट सोडून दिल्यावरही मुलांनी स्वतःच नवे गणवेश, नवे संघ, नवी मैदाने घालून तो जिवंत ठेवला. वीस वर्षे होत आली; कुठल्या कुठल्या वसतिगृहांत तो अजून सापडतो. एवढे आयुष्य शंभरपैकी ९६ मिळवणाऱ्या कित्येक खेळांना लाभलेले नाही.

युरोगेमर या ब्रिटिश वेबसाइटने २०१५ साली गुण देणे बंद केले. ‘घ्याच’, ‘चांगला’, ‘टाळा’ असे शब्द वापरायचे ठरवले. मला तेव्हा फार बरे वाटले होते. आठ वर्षांनी, २०२३ मध्ये, त्यांनीही पाच तारे परत आणले. वाचकाला घाईत आकडा हवाच असतो; त्यावर रागावून काय करणार?

राहिला तो आणखी एक आकडा, आणि घरच्या माणसांसाठी तोच सर्वांत कामाचा : डब्यावरचा वयाचा शिक्का. अमेरिकेत १९९३ साली ‘मॉर्टल कॉम्बॅट’मधल्या रक्तपातावरून सेनेटमध्ये सुनावणी झाली आणि १९९४ पासून तिथे वयोगटाची वर्गवारी सुरू झाली. युरोपची पेगी ही वर्गवारी २००३ पासूनची. आपल्याकडे चित्रपटाला प्रमाणपत्र लागते तशी रुजलेली पद्धत खेळांसाठी नाही, तेव्हा परदेशी शिक्क्यावरच भागवावे लागते. तो शिक्का समीक्षकापेक्षा सरळ असेल अशी अपेक्षा. २०२४ साली ‘बलाट्रो’ नावाचा पत्त्यांचा खेळ आला. कॅनडातल्या एका माणसाने टोपणनावाने एकट्याने बनवलेला, समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला. पोकरचे हात जुळवायचे आणि विचित्र जोकरांच्या मदतीने गुण वाढवत न्यायचे. पैसे लावायचे नाहीत, जिंकायचे नाहीत. बदाम सात इतकाच निरुपद्रवी, फक्त सोडता सुटत नाही. पेगीने त्याला आधी ३ वर्षांचा, मग जुगाराची चित्रे दिसतात म्हणून थेट १८ वर्षांचा शिक्का मारला. मार्चमध्ये काही देशांतल्या दुकानांतून तो काही काळ नाहीसाच झाला.

त्याच वर्षी ईएच्या फुटबॉलच्या खेळावर शिक्का होता ३ वर्षांचा. त्या खेळात खरे पैसे भरून बंद पाकिटे घेता येतात. आत कोणता खेळाडू निघेल ते नशिबावर. बेल्जियमने अशा पाकिटांना २०१८ मध्येच जुगार ठरवले आणि ईएला तिथे ती पैशांनी विकणे २०१९ च्या जानेवारीत थांबवावे लागले. ‘बलाट्रो’च्या कर्त्याने २०२४ च्या डिसेंबरात जाहीर टोमणा मारला की, आपणही अशी खरेदी घातली असती तर शिक्का उतरला असता. अपील झाले, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ‘बलाट्रो’चे वय १८ वरून १२ वर आले. पाकिटांबद्दलची सूचना पेगीने २०२० पासून छापायला लावली आहे : खेळात खरेदी आहे आणि तीत काय निघेल ते आधी सांगता येत नाही. ती डब्यावर असते, पण बारीक अक्षरात. आणि आमच्या वयाच्या माणसांना ती वाचायला चष्मा काढावा लागतो.